बायोइन्फर्मॅटिक्सची एमएस्सी: पात्रता, प्रवेशपरीक्षा आणि आधीची तयारी

बायोइन्फर्मॅटिक्स म्हणजे जीवशास्त्राची माहिती संगणक आणि गणिताच्या मदतीने अभ्यासणे. माहितीपत्रक वाचले की हा अभ्यासक्रम सगळ्यांसाठी खुला वाटतो. बऱ्याच ठिकाणी विज्ञानाच्या कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीफार्म, कृषी, अभियांत्रिकीही चालते. खरी अडचण वर्गात बसल्यावर कळते. जीवशास्त्राची मुले पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पहिल्याच लूपमध्ये अडकतात आणि संगणकाकडून आलेल्यांना कोडॉन (जनुकीय संकेतातला तीन अक्षरांचा गट) म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. ही कसर प्रवेशाआधीच भरून काढायची, कारण सत्र सुरू झाल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.

१. पात्रता बारकाईने वाचा

गुणांची अट सहसा ५० किंवा ५५ टक्के असते आणि राखीव प्रवर्गांना सवलत असते. तुमच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल, तर टक्केवारी स्वतःच्या मनाने, दहाने गुणून काढू नका. आपल्या विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र किंवा प्रमाणपत्र घ्या. बारावीला गणित हवे का, हेही बघा. काही ठिकाणी ती अट असते आणि गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांचा अर्ज तिथेच बाद होतो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा असला तरी बहुधा अर्ज करता येतो, पण एटीकेटी राहिलेली असेल तर पदवीच पूर्ण होत नाही आणि मिळालेली जागा हातची जाते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी दोन वर्षांची, तर चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाची. जिथे अर्ज करताय तिथे एक वर्षाचा पर्याय खरोखर चालू आहे का, ते आधी विचारा.

२. परीक्षा ठरवा आणि तिचे गणित समजून घ्या

पुणे विद्यापीठाचे बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र १९८७ पासूनचे आहे. तिथल्या प्रवेशासाठी विद्यापीठाच्या सूचना पाहायच्या. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेशपरीक्षा असते. जीएटी-बी ही परीक्षा मुख्यतः केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या बायोटेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमांसाठी आहे, पण जवळचा पर्याय म्हणून अनेक जण ती देतात.

जीएटी-बी तीन तासांची, २४० गुणांची. पहिल्या विभागात बारावीच्या पातळीचे ६० सक्तीचे प्रश्न असतात, बरोबर उत्तराला १ गुण आणि चुकीला अर्धा वजा. दुसऱ्या विभागात १०० पैकी ६० सोडवायचे, बरोबरला ३ आणि चुकीला १ वजा. चार पर्यायांत डोळे मिटून टिचकी मारली तर पहिल्या विभागात सरासरी तोटा होतो, दुसऱ्यात ना नफा ना तोटा. दुसऱ्यात एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर अंदाज फायद्याचा ठरतो. सीयूईटी-पीजीत ४ गुण आणि १ वजा, त्यामुळे तिथे प्रश्न कोरा सोडण्यात फारसा अर्थ नाही. पदवीला गणित-भौतिकशास्त्राचा हात सुटलेली मुले बरेच गुण जीएटी-बीच्या पहिल्या विभागातच घालवतात. अकरावी-बारावीची पुस्तके पुन्हा काढा.

३. एकाच उदाहरणावर जीवशास्त्र, संगणक आणि गणित पक्के करा

भाराभर कोर्स करण्यापेक्षा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार उदाहरण म्हणून घ्या. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार ओळखीचा आहे. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवर मानवी बीटा-ग्लोबिनची (हिमोग्लोबिनचा एक भाग) नोंद पी६८८७१ उघडा आणि १४७ अमिनो आम्लांचा अनुक्रम फास्टा (अनुक्रम साठवायची साधी टेक्स्ट) फाइल म्हणून उतरवा. पायथॉनने, तयार लायब्ररी न वापरता, फाइल वाचा, लांबी मोजा आणि प्रत्येक आम्ल किती वेळा येते ते काढा. मग ज्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याने सिकलसेल होतो, त्याचे स्थान शोधा.

इथेच पहिली ठेच लागते. जुन्या पुस्तकांत हा बदल सहाव्या स्थानी आहे, कारण सुरुवातीचे मेथिओनिन प्रथिनातून काढले जाते आणि ते मोजत नाहीत. डेटाबेस ते मोजतो, म्हणून तिथे स्थान सातवे. पायथॉन शून्यापासून मोजतो, म्हणून पुन्हा सहा! उत्तर जुळले, पण योगायोगाने. हीच एका आकड्याची चूक पुढे मोठ्या कामात छळते: जीनोमवरच्या जागा नोंदवणारी बेड फाइल शून्यापासून मोजते, डीएनएतले बदल नोंदवणारी व्हीसीएफ एकपासून.

त्यानंतर हाच अनुक्रम ब्लास्टमध्ये (डेटाबेसमधून मिळतेजुळते अनुक्रम शोधणारे साधन) टाका आणि ई-व्हॅल्यू, म्हणजे इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल तो आकडा, समजून घ्या. जुळणीचा स्कोअर तोच असला तरी डेटाबेस दहापट झाला की ई-व्हॅल्यूही दहापट होते. हे नुसते पाठ करून कळत नाही, त्यासाठी लॉगॅरिदम आणि संभाव्यता हवी. बेजचे सूत्र, मॅट्रिक्सचा गुणाकार आणि पी-व्हॅल्यू एवढे तरी प्रवेशाआधी जमायला हवे.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडण्याची सवय आताच सोडा. मार्च आणि सेप्टने सुरू होणारी नावे ते तारखांत बदलते. शेवटी २०२० मध्ये या जनुकांची नावेच बदलावी लागली. टेक्स्ट फाइल आणि लिनक्सची कमांड लाइन वापरा. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) पुरते.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम असली की शिकण्यापुरते भागते. ई. कोलाय या जीवाणूचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, सुमारे ४६ लाख बेसचा (अक्षरांचा), तो आरामात चालतो. मानवी जीनोमवर स्टारसारखे (आरएनएचे तुकडे जीनोमशी जुळवणारे) साधन चालवायचे तर ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. म्हणूनच महाविद्यालय निवडताना सर्व्हर विद्यार्थ्यांना वापरायला मिळतो का, हे नक्की विचारा.

४. कागदपत्रे

केंद्रीय विद्यापीठांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा दाखला तिथे चालत नाही. महाराष्ट्राचा एसईबीसी दाखलाही तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएस दाखला चालू वर्षाचा हवा. दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि आधारवरील नाव अक्षरशः जुळते का, ते अर्ज उघडण्याआधी तपासा. दुरुस्तीला आठवडे जातात.

जर्मनीचा विचार असेल, तर भारतीयांना व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे) लागते. तिथली विद्यापीठे प्रत्येक विषयात किती क्रेडिट झाले ते पाहतात, म्हणून पदवीच्या तिन्ही वर्षांचा सविस्तर अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या शिक्क्यासह आधीच काढून ठेवा.