डांबरावरची गाडी मातीत उतरवायची तर

डांबरी ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी मातीच्या शर्यतीत उतरवायची म्हटलं की सल्ला देणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, "दोन इंच उचल, बटणवाले टायर घाल, झालं." दुसरा म्हणतो, "विकून टाक आणि मारुतीची जिप्सी जीप घे." पहिला तुमचा ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) तोडतो, दुसरा खिसा कापतो. पुण्या-नाशिककडच्या ऑटोक्रॉसला (मातीच्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाशी लावलेल्या शर्यतीला) पुढची चाकं ओढणारी साधी हॅचबॅक नीट तयार केली तर व्यवस्थित पळते. इथे तशीच गाडी धरून लिहितोय: खाली बसवलेली, कडक स्प्रिंगांची, १७ इंची रिम आणि रुंद टायर घातलेली. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा), बकेट सीट, बेल्ट, हेल्मेट आणि एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचं लायसन्स तुमच्याकडे आहेच असं समजतो.

इंजिन आणि खालची बाजू

बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन फिल्टर आजच काढा. डांबरावर त्याचा आवाज छान येतो; मातीत तो फुफाटा थेट सिलिंडरमध्ये पोचवतो आणि पिस्टन रिंगा घासून टाकतो. कंपनीचा बंद एअरबॉक्स परत बसवा, आत नवीन फिल्टर घाला, झाकणाच्या कडेला ग्रीस लावा. चेंबरखाली (इंजिनच्या ऑइलच्या भांड्याखाली) गार्ड, चारही चाकांमागे मडफ्लॅप, रेडिएटरपुढे जाळी. ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप तळाशी उघडे असतील तर केबिनमधून घ्या. इतकं पुरे.

रिम, टायर, ब्रेक

रुंद टायर मातीवर तरंगतो. अरुंद टायर वरची सैल माती कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो, आणि पकड तिथे असते. १४ किंवा १५ इंची रिम, उंच साइडवॉल, खोल नक्षी. हवा मी २६ ते २८ पीएसआय ठेवतो. वाळूत हवा कमी करतात म्हणून मातीतही १८ वर आणणारे असतात. पहिल्याच चाकोरीत रिमची कड वाकते, नाहीतर टायर रिमवरून उतरतो.

हे करताना मोठ्या डिस्क आडव्या येतात. डांबरासाठी घेतलेलं महागडं ब्रेक किट लहान रिममध्ये मावतच नाही. वाईट वाटून घेऊ नका, कंपनीच्या डिस्क परत घाला. ट्रॅकचे पॅडही काढा, ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि मातीत तेवढे तापत नाहीत.

सस्पेन्शन: इथे घाई करू नका

या एका कामाने माझा जितका वेळ खाल्ला तितका बाकी सगळ्यांनी मिळून नाही. कारण इथे नुसती उंची वाढवून भागत नाही, आणि सगळे सांगतात ते उंचीचंच.

डांबरावरच्या गाडीची सगळी रचना हालचाल कमी करण्यासाठी असते. पृष्ठभाग सपाट, टायर चिकट, त्यामुळे बॉडी जितकी कमी झुकेल तितकं बरं. मातीत उलट आहे. वजन सरकलं, एका कोपऱ्यावर आलं, तरच तो टायर मातीत रुततो. शिवाय खड्डा आला की चाकाला खाली जाऊन जमीन शोधता आली पाहिजे. चाक वर किती जातं हे सगळे बघतात, खाली किती जातं हे कोणी मोजत नाही.

म्हणून आधी मोजा. ड्रायव्हर आत, टाकी अर्धी, गाडी सपाट जमिनीवर. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत अंतर घ्या. मग बॉडी जॅकवर उचलून चाक लटकू द्या आणि परत मोजा. समजा आधी ३४० मिमी होतं आणि लटकल्यावर ३७० झालं. म्हणजे खाली जायला चाकाकडे फक्त ३० मिमी आहेत. मातीतला मध्यम खड्डासुद्धा याहून खोल असतो. आता स्प्रिंग काढून चाक बंपस्टॉपला (वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर ढकला आणि तेही मोजा. एकूण हालचालीचा निदान तिसरा हिस्सा खालच्या बाजूला हवा असं माझं ठाम मत आहे.

आता ते "दोन इंच उचल" प्रकरण. शॉकअपच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती घातली की गाडी उंच दिसते, चेंबर वाचतो, पण चाकाची हालचाल एका मिलिमीटरनेही वाढत नाही. सगळी यंत्रणा आहे तशी खाली सरकते, एवढंच. त्यात चाक पूर्ण लटकलं की ड्राइव्ह शाफ्टचा कोन जॉइंटच्या सोसण्यापलीकडे जातो. उडी मारून चाक हवेत असताना पाय अॅक्सिलरेटरवर असेल तर जॉइंट तिथेच जातो. स्पेसर विकणारा हे सांगणार नाही.

कॉइलओव्हरची (स्प्रिंग आणि शॉकअपचा उंची बदलता येणारा जोड) स्प्रिंगखालची कटोरी फिरवून गाडी उचलणं त्याहून फसवं. वर जायची जागा वाढते, पण ती खालच्या जागेतून कापलेली असते. अशी गाडी उंचवट्यावरून उतरताना वरून ठाक्कन वाजते. शॉकअपचा रॉड पूर्ण बाहेर येऊन आपटतोय, त्याचा तो आवाज. मग लोक शॉकअप खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडत बसतात.

मग करायचं काय? पैसे असतील तर मातीच्या रॅलीसाठी बनवलेले लांब स्ट्रोकचे शॉकअप घ्या. नसतील तर गॅरेजच्या माळ्यावर कंपनीचे जुने शॉकअप पडलेत ना, ते उतरवा. चांगले असतील तर त्यावर कंपनीपेक्षा थोडी कडक स्प्रिंग घाला. डांबरासाठी घेतलेल्या महाग कॉइलओव्हरपेक्षा हा जोड मातीत बरा चालतो. कॉइलओव्हर विकणाऱ्यांना हे आवडत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तरीही कॉइलओव्हरच ठेवायचे असतील तर रिबाउंड (दबलेली स्प्रिंग उघडताना शॉकअप करतो तो विरोध) सैल करा. डांबराच्या सेटिंगवर शॉकअप स्प्रिंगला हळूहळूच उघडू देतो. ओळीने खड्डे आले की पहिल्यात दबलेलं चाक दुसऱ्याआधी पूर्ण खाली येत नाही, तिसऱ्यात आणखी वर राहतं, आणि गाडी धावता धावता बसत जाते. लक्षण सोपं आहे: खडबडीत पट्टा सुरू होताना सगळं ठीक वाटतं, आणि पट्टा संपता संपता चेंबर घासू लागतो. अशा वेळी स्प्रिंग कडक करायला धावू नका. रिबाउंड सगळा सैल करा आणि गाडी डुचमळायची थांबेल इतकाच एकेक क्लिक वाढवत या.

पुढचा अँटी-रोल बार (वळणात बॉडी झुकू न देणारी आडवी सळई) सोडवा, मागचा राहू द्या. गाडी नाकाने बाहेर सरकायची कमी होते आणि मागची बाजू फिरू लागते. पण सोडवण्याआधी गाडीखाली झोपून बघा. काही जुन्या छोट्या गाड्यांत तोच बार लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) पुढे-मागे धरून ठेवतो. तो काढलात तर पहिल्या ब्रेकला चाक मागे मडगार्डात जाईल.

कॅम्बर (चाक वरच्या बाजूने आत-बाहेर झुकण्याचा कोन) डांबरावर उणे तीन अंश असेल, तो उणे एकच्या आसपास आणा. पुढची चाकं पुढच्या कडेला किंचित बाहेर उघडी ठेवा. अलाइनमेंटवाला "कंपनी सेटिंगला आणून देतो" म्हणेल. आकडे चिठ्ठीवर लिहून द्या आणि शेजारी उभे राहा.

काच

मातीसाठीच बांधलेल्या अमेरिकन गाड्यांना पुढे काच नसते, जाळी असते. आपल्याला असते, आणि हा फरक भल्याभल्यांना नडला आहे. २०२१ च्या मार्चमध्ये नॅसकार या अमेरिकन शर्यत संघटनेने ब्रिस्टलचा काँक्रीटचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक मातीने झाकला. त्यांच्या सर्वात वरच्या कप मालिकेची मातीवरची १९७० नंतरची ती पहिलीच शर्यत. शनिवारी ओल्या मातीचा चिखल काचांवर इतका बसला की पिकअप ट्रकच्या मालिकेची हीट (मुख्य शर्यतीआधीची छोटी फेरी) सुरू होताच थांबवावी लागली. पावसामुळे शर्यत सोमवारी गेली, तोवर माती सुकली, आणि मग धुरळा इतका की रीस्टार्ट (मध्येच थांबल्यावरच्या नव्या सुरुवाती) एका रांगेत घ्यावे लागले. कपची शर्यत जोई लोगानोने जिंकली, त्याच दिवशी ट्रकची मार्टिन ट्रूएक्स ज्युनियरने, दोघेही डांबराचे. मातीत वाढलेले काइल लार्सन आणि क्रिस्टोफर बेल एकमेकांना धडकले होते.

तुम्ही एवढं करा: वायपरचं रबर नवीन, पाण्याची टाकी भरलेली, आणि काचेवर चिखल जाड असेल तर आधी भरपूर पाणी, मग वायपर. कोरडा वायपर फिरवलात तर सगळी काच सारवली जाईल.

चालवताना

ब्रेक सरळ रेषेत आणि सवयीपेक्षा आधी. वळणात नाक बाहेर जाऊ लागलं तर स्टिअरिंग आणखी वळवू नका; अॅक्सिलरेटर क्षणभर सोडा किंवा डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, वजन पुढे येतं आणि गाडी वळते. हँडब्रेक अगदी अरुंद वळणापुरता.

तुमचा नंबर यायच्या आधी ट्रॅक परत चालून बघा, सकाळी बघितलेला धरू नका. टँकरने पाणी मारलेला मुरूम सकाळी आतल्या बाजूला चांगला धरतो. दुपारपर्यंत गाड्या तिथली माती झाडून काढतात आणि खाली गुळगुळीत, कडक थर उरतो. सगळी सैल माती बाहेर साचते. कधी कधी त्या ढिगाला मागचं चाक टेकवून गेलेला वेळ वाचवतो. पाऊस पडलेली काळी माती असेल तर हे सगळं विसरा, नक्षी भरली की टायर गोटा होतो.

शर्यत संपली की गाडी तशीच ट्रेलरवर चढवू नका. चाकं काढून रिमच्या आतला चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगला पैसे घालतात. लोअर आर्म, शॉकअप आणि गार्डचे बोल्ट पान्याने परत तपासा, ड्राइव्ह शाफ्टचे बूट फाटलेत का बघा आणि एअरबॉक्स उघडून फिल्टरच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. बोटाला माती लागली तर पुढच्या शर्यतीआधी झाकणाची गळती शोधा.