फुटपाथवर टीबीची तपासणी करताय? या चुका टाळा

ठाणे स्टेशनबाहेर किंवा तुर्भ्याच्या मार्केटजवळ सकाळी अकराला शिबिराचं टेबल मांडलं, की रांग लागते ती प्रवाशांची आणि रिक्षावाल्यांची. ज्यांच्यासाठी आलो ते, म्हणजे फुटपाथवर आणि पुलाखाली झोपणारे, नशा करणारे, तिथे नसतातच. भंगार वेचणारा पहाटेच बाहेर पडतो, गर्द ओढणाऱ्याला त्या वेळी फक्त पुडीची विवंचना असते. रात्री, अंथरुणं पसरायच्या वेळी जा. त्या भागात नशा टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया-सिरिंज पुरवणारा कार्यकर्ता सोबत घ्या. पोलीस मात्र सोबत नकोत. खाकी दिसली की पुलाखालची जागा रिकामी होते.

‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ एवढंच विचारून फॉर्म भरणं ही त्याहून मोठी चूक. बिडी ओढणाऱ्याला खोकला हा आजार वाटतच नाही. शिवाय हेरॉइन, कोडीन ही अफूच्या जातीची द्रव्यं खोकला दाबतात. म्हणजे छातीत टीबी असूनही माणूस ‘नाही’ म्हणतो, आणि प्रामाणिकपणे म्हणतो. ताप, रात्रीचा घाम, सैल झालेली पँट यांची चौकशी करा, आणि उत्तर काहीही आलं तरी छातीचा एक्स-रे काढा. हातात धरून नेता येणारी मशीन आता मिळतात. १५ वर्षांवरील व्यक्तींचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

डबी देऊन ‘उद्या सकाळी बेडका घेऊन या’ असं सांगू नका. पहिला नमुना तिथेच घ्या, पण उघड्यावर आणि इतरांपासून दूर. आधी चूळ भरायला लावा, दोन-तीन खोल श्वास, मग छातीतून खोकला. नुसती थुंकी आली तर पुन्हा प्रयत्न करा.

ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर काही तासांत निदान होतं, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही तेही कळतं. आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं हातून निसटतात. अहवाल पॉझिटिव्ह, फोन बंद, पत्ता ‘पुलाखाली’. माझ्या मते हे अपयश रुग्णाचं नाही, आपल्या नोंदवहीचं आहे. टोपणनाव लिहा, रात्री कुठे झोपतो, पावसात कुठे सरकतो, चहा कुठे पितो, सोबती कोण, हे सगळं त्याला विचारून लिहा. मात्र शोधायला गेल्यावर चहावाल्यापाशी टीबीचा उच्चारही करू नका.

आधार कार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) मिळायला बँक खातं लागतं, ते उपचार सुरू झाल्यावर उघडू द्या. एचआयव्हीची तपासणीही त्याच वेळी उरका.

मेथाडोनवर (हेरॉइनची नशा सोडवायला त्याऐवजी देतात ते औषध) असलेल्या रुग्णाबाबत एक गोष्ट हमखास राहून जाते. रिफाम्पिसिनमुळे मेथाडोन शरीरातून लवकर निघून जातं. काही दिवसांतच अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, झोप उडते. रुग्णाला वाटतं, टीबीच्या गोळ्यांनीच हे केलं. तो त्या बंद करतो आणि पुन्हा पुडीकडे वळतो. म्हणून पहिली गोळी देण्याआधीच त्याच्या मेथाडोन केंद्रातल्या डॉक्टरांना कळवा, म्हणजे डोस वेळेत वाढवता येईल. त्याच कामासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध घेणाऱ्यांवरही असंच लक्ष ठेवा. सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स संपल्यावरही त्या डॉक्टरांना पुन्हा कळवा, कारण रिफाम्पिसिन थांबलं की तोच वाढवलेला डोस जास्त ठरू शकतो.