नागरी वेशातले सैनिक: युद्धाबद्दल लिहिताना या चुका टाळा

'सैनिक साध्या कपड्यांत होते, म्हणजे युद्धगुन्हाच' हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं (जिनिव्हा करारांना जोडलेल्या कराराचं) कलम 37 नुसत्या कपड्यांबद्दल बोलत नाही. नागरिक असल्याचं भासवून शत्रूचा विश्वास मिळवायचा आणि त्याच विश्वासाचा घात करून त्याला मारायचं, जखमी करायचं किंवा पकडायचं, हे त्या कलमाने निषिद्ध केलं आहे. रजेवर घरी आलेला सैनिक त्यात बसत नाही. झाडपाल्याआड लपणं, खोटे रणगाडे उभे करणं, चुकीची माहिती पेरणं हा कावाही कायद्याला मान्य आहे.

दुसरी चूक म्हणजे पकडलेल्या सैनिकाला युद्धकैद्याचा दर्जा मिळतोच असं गृहीत धरणं. मार्च 1965 मध्ये सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड हाउसमध्ये बॉम्बस्फोट झाला. तो घडवणारे दोघे इंडोनेशियाचे सैनिक होते, पण नागरी वेशात आले होते. युद्धकैदी म्हणून संरक्षण मिळावं ही त्यांची मागणी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (सिंगापूरसाठी तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) फेटाळली आणि 1968 मध्ये त्यांना फाशी झाली. मात्र यावरून 'असा माणूस सापडला की जागीच गोळी घाला' असं कुणी लिहू नये. दर्जा गेला तरी खटला चालवावाच लागतो, हेर असला तरीही.

गणवेश नसलेला प्रत्येक लढवय्या बेकायदा, हेही चूक. शत्रू चालून येतो तेव्हा संघटित व्हायला वेळ न मिळालेले रहिवासी उत्स्फूर्तपणे लढायला उभे राहिले, तर पकडले गेल्यावर 1949 चा तिसरा जिनिव्हा करार त्यांना युद्धकैदी मानतो. अट एवढीच की शस्त्रं उघडपणे बाळगायची आणि युद्धाचे नियम पाळायचे.

सगळ्यात घातक चूक मात्र वेगळी आहे. चार बंदूकधारी नागरिकांत मिसळले म्हणून अख्खी वस्तीच संशयित ठरवली जाते. मग हात वर करून येणारी बाई, दूध आणायला निघालेला मुलगा, कुणीच सुरक्षित राहत नाही. नागरिक असल्याचं भासवून घात करण्यावर बंदी आहे ती याच माणसांसाठी. समोरचा नागरिक आहे की नाही अशी शंका असेल, तर त्याला नागरिकच मानायचं, असं त्याच प्रोटोकॉलचं कलम 50 स्पष्ट सांगतं. समोरच्याने नियम मोडला, ही सबब इथे चालत नाही.

आणि कलम उद्धृत करण्याआधी तो देश प्रोटोकॉलचा सदस्य आहे का ते तपासा. भारत आणि अमेरिका नाहीत. पण विश्वासघाताने मारण्यावरची बंदी 1907 च्या हेग नियमांतही आहे, त्यामुळे सदस्य नसलेल्या देशालाही त्यातून सुटका नाही.