खेळाडूंची फिरकी घेताना गेम मास्टरने या चुका टाळा

"मी पेटी उघडतो," खेळाडू म्हणतो. पडद्यामागचा गेम मास्टर क्षणभर थांबतो, वहीत काहीतरी खरडतो आणि शांतपणे विचारतो, "कोणत्या हाताने?"

टेबलाभोवती एकदम शांतता पसरते. एक जण आपल्या कागदावरचे हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय तो आकडा, मोजू लागतो. दुसरा घाईघाईने सांगतो, "मी दाराशीच उभा होतो हां, आत आलोच नव्हतो." पेटीत निघतात जुनी पत्रं. सगळे हुश्श करतात, हसतात, आणि पुढचा अर्धा तास त्या पत्रांना हात लावायला कुणी तयार नसतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, आणि गेम मास्टर त्यांच्यापुढे कथेचं जग आणि त्यातली संकटं उभी करतो. या अशा क्षणांसाठी मी त्या खुर्चीत बसते. खेळाडूंना पिडणं हा या खेळाचा जुना आणि हक्काचा आनंद आहे. पण हीच फिरकी जरा चुकली की टेबलावरचा विश्वास जातो, माणसं सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, यायचं टाळतात, आणि कारण कुणी तोंडाने सांगत नाही. माझ्या मते फरक एकाच गोष्टीत आहे. खेळाडूला धोक्याचा अंदाज यावा आणि तरीही त्याने आपणहून हात घालावा. मग कितीही हाल झाले तरी तो ती गोष्ट वर्षभर रंगवून सांगतो. अंदाजच येऊ दिला नाही, तर त्याने काही केलंच नाही. त्याच्यावर फक्त काहीतरी कोसळलं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

इशारा न देता लावलेला सापळा

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचा मानही सगळ्यात मोठा आहे, कारण खेळाच्या सुरुवातीच्या काळापासून ती चालत आलीय. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आलं आणि 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअल या प्राण्यांच्या पुस्तकापर्यंत फसव्या प्राण्यांची रांगच लागली होती. खजिन्याची पेटी म्हणजे मिमिक. छत म्हणजे लर्कर अबव्ह. पायाखालची फरशी म्हणजे ट्रॅपर. गुहेच्या छताला लोंबणारा दगडी सुळका म्हणजे पिअर्सर. दाराला कान लावून आतला कानोसा घ्यावा, तर लाकडात इअर सीकर नावाचा किडा, जो कानात शिरून अंडी घालतो! म्हणजे खेळाडूने सावधपणा दाखवला की त्या सावधपणालाच चावणारा प्राणी तयार.

याचा परिणाम ठरलेला असतो. खेळाडू दहा फुटी काठी घेऊन प्रत्येक फरशी ठोकतात. प्रत्येक दारापाशी पंधरा मिनिटं जातात. "मी छत बघतो, मग जमीन बघतो, मग कडी बघतो" ही जपमाळ सुरू होते. तुमच्या टेबलावर हे होत असेल तर खेळाडूंना भित्रे म्हणू नका. तसं वागायला तुम्हीच त्यांना शिकवलंय.

या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सच्या 'टूम ऑफ हॉरर्स' या तयार साहसाचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. ते त्याने 1975 च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी लिहिलं आणि 1978 मध्ये ते छापून आलं. त्यात भिंतीवर हिरव्या सैतानाचा एक चेहरा आहे. त्याच्या उघड्या जबड्यातल्या अंधारात जो शिरेल तो कायमचा नाहीसा होतो. यावरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की निर्दयपणा म्हणजेच अस्सल डंजन, सापळ्यांनी भरलेलं भुयार. पण दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटतात. एक, स्पर्धेत पात्रं आयोजकांनी आधीच तयार करून दिलेली होती. तुमच्या टेबलावरच्या पात्रामागे कुणाचे सहा-आठ महिने असतात. दुसरी, तो जबडा भयंकरच दिसतो. खेळाडूंना दाखवायला चित्रांची वेगळी पुस्तिका होती आणि फरशीवर कोड्यात लिहिलेला इशाराही होता. जो आत शिरला, तो बघून-सवरून शिरला.

उपाय अगदी साधा आहे: प्रत्येक सापळ्याची एक खूण आधी दाखवा आणि ती वर्णनात उघडपणे सांगा, त्यासाठी फासा टाकायला लावू नका. सगळ्या खोलीवर बोटभर धूळ आणि पेटी मात्र लख्ख. सैनिकांचे सांगाडे पडलेत, चामड्याचे पट्टे आहेत, भाल्यांचे दांडे आहेत, पण लोखंडाचा एक तुकडा नाही, नुसती तांबूस भुकटी. लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर ओळखणारा खेळाडू ते ऐकताच कपाळाला हात लावतो. न ओळखणाराही सावध होतो. मग चिलखत घातलेला फायटर, म्हणजे योद्धा, दारात उभा राहून विचार करू लागतो: अंगावरचं सगळं काढून आत जावं की तसंच? ही घालमेल हाच खरा छळ, आणि तो प्राणी अजून दिसलेलाही नसतो.

खूण सांगितली की भीती कमी होईल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. काहीच माहीत नसलेला माणूस घाबरत नाही, तो दचकतो. दचकणं दोन सेकंदांत ओसरतं.

"नक्की?" या शब्दाचा अतिरेक

"नक्की?" हे आपलं लाडकं हत्यार आहे. तसंच पडद्यामागे उगाच फासा टाकणं, "तुमच्यात सगळ्यात पुढे कोण चालतंय?" असं मध्येच विचारणं, कुणाचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) किती ते टिपून घेणं. फक्त खरा धोका असतानाच हे केलंत, तर तो भोंगा होतो आणि खेळाडू लगेच निर्णय बदलतात. प्रत्येक वाक्याला केलंत, तर कुणी लक्षच देत नाही. एका सेशनमध्ये दोन-तीनदा पुरे. आणि "नक्की?"ऐवजी "कसं?" विचारून पाहा. "कसं उघडतोस? गुडघ्यावर बसून की लांबून?" याने तोच ताण येतो आणि खेळाडूला ठरवायला काहीतरी हातातही मिळतं.

एक अपवाद मात्र काटेकोरपणे पाळा. खेळाडू काहीतरी वेड्यासारखं करतोय असं वाटलं, तर आधी त्याला दृश्य नीट कळलंय का ते तपासा. पहिल्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे नवखा जादूगार, कड्यावरून उडी मारतो म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याच्या डोक्यातला कडा दहा फुटांचा असतो आणि तुमच्या डोक्यातला साठ. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत पडण्याचं नुकसान दर दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा, म्हणजे साठ फुटांना सहा फासे, सरासरी 21. तो विझार्ड जागच्या जागी आडवा होईल. इथे सूचक हसू नका. सरळ सांगा: "कडा साठ फूट खोल आहे, खाली खडक आहेत. एवढ्या उंचीवरून पडलास तर वाचणं अवघड आहे. उडी मारतोस?" वर्णनातल्या गोंधळाची शिक्षा पात्राला देणं हा अन्याय आहे, ती फिरकी नव्हे.

फाशांच्या गणिताकडे दुर्लक्ष

वीस बाजूंच्या फाशावर 1 पडला की तलवार हातातून निसटते, स्वतःच्याच पायाला लागते, शेजारच्या मित्राला जखम होते. हा फंबलचा नियम गमतीसाठी आणला जातो. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमात 1 पडला की वार चुकतो, एवढंच. आता गणित बघा. एका वाराला 1 पडण्याची शक्यता 5 टक्के. पाचव्या लेव्हलला फायटर दोन वार करतो, तेव्हा एका फेरीत निदान एकदा 1 पडण्याची शक्यता सुमारे 10 टक्के. अकराव्या लेव्हलला तीन वार, 14 टक्के. विसाव्या लेव्हलला चार वार, 18 टक्क्यांच्या वर. म्हणजे योद्धा जितका निष्णात, तितका तो स्वतःच्या पायात अडखळतो. आणि समोरच्यालाच सेव्ह (बचावाचा फासा) करायला लावणारे स्पेल, म्हणजे मंत्र, टाकणारा विझार्ड फासा टाकतच नाही, त्यामुळे त्याची कधीच फजिती होत नाही. फायटर खेळणारी व्यक्ती तीन सेशनमध्ये गप्प होते ती यामुळे.

फंबल हवाच असेल तर फेरीतल्या फक्त पहिल्या वाराला लावा आणि दोष पात्राच्या कौशल्यावर टाकू नका. शत्रूने चपळाईने ढाल मध्ये घातली, तलवार तिच्या लाकडात रुतली, आता दोघं एकमेकांना ओढतायत. अडचण तीच, पण पात्राची शान शाबूत राहते.

चोरपावलांनी जाण्याचंही असंच. चार जण, प्रत्येकाला वीस बाजूंचा फासा आणि बोनस मिळून 15 गाठायचे आहेत आणि प्रत्येकाचा बोनस +5 धरला, तर एकट्याची यशाची शक्यता 55 टक्के. चौघंही यशस्वी व्हायलाच हवेत असा हट्ट धरलात, तर ती जेमतेम 9 टक्क्यांवर येते. पार्टीने, म्हणजे पात्रांच्या टोळीने, दोन तास खपून केलेली योजना पहिल्याच दारात फसणार हे तुम्ही नकळत ठरवून टाकलंय. निम्म्या जणांना जमलं तर सगळ्यांना जमलं, हा गटाचा नियम पुस्तकात आहेच. तो वापरलात की शक्यता 76 टक्क्यांच्या आसपास जाते. चिलखताचा खणखणाट करणाऱ्या मित्राला बाकीचे ओढत नेतायत, हे दृश्यही मिळतं.

इच्छेची वकिली

विश हा मागाल ते देणारा नवव्या लेव्हलचा स्पेल हाती आला की आपल्या हाताला खाज सुटते. खेळाडूने मागितलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि अर्थ उलटवायचा. एकदा केलंत की पुढच्या वेळी तो अर्धा पान भरून करारनामा लिहून आणतो, आणि टेबलावर दोन वकील बसतात. याउलट, मागितलेलं पूर्ण द्या. "मेलेला राजा जिवंत होऊ दे"? झाला, ठणठणीत. आता तीन वर्षांपूर्वी गादीवर बसलेल्या त्याच्या मुलीला ही बातमी कोण सांगणार? गुंता व्याकरणातून काढण्याऐवजी जगातून काढला की खेळाडू स्वतःच म्हणतो, "अरे देवा, मी काय करून बसलो!"

पॅलाडिनला, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याला, अशा कोंडीत पकडणं, की डावीकडे गेला तरी शपथ मोडेल आणि उजवीकडे गेला तरी मोडेल, हाही असाच कंटाळवाणा डाव आहे. निदान एक वाट अशी ठेवा, जी महाग असेल पण शपथ राखेल.

जिव्हाळ्याच्या माणसांचा बळी

खेळाडू पात्राची हकिगत लिहून आणतो: गावी आई आहे, धाकटा भाऊ आहे. तिसऱ्या सेशनला गाव जळतं. पुढच्या मोहिमेत सगळ्यांची पात्रं अनाथ असतात, एकालाही मित्र नसतो, प्रेयसी नसते. प्रत्येक एनपीसीने (गेम मास्टर चालवतो त्या पात्राने) शेवटी दगा दिला तरी हेच घडतं. कुणी पाण्याचा पेला पुढे केला तरी खेळाडू विषाचा फासा टाकायला निघतात.

त्या भावाला मारू नका. त्याला पार्टीत यायचंय, तो तलवार चालवायला शिकतोय आणि फार वाईट चालवतोय. तो अभिमानाने शत्रूलाच दादाच्या सगळ्या युक्त्या सांगतो. अशा भावाने महिनोन् महिने खेळाडूला जितकं पिडता येतं, तितकं त्याच्या प्रेताने एका संध्याकाळीही नाही.

माणूस ओळखायला चुकणं

पात्राला घाबरवणं वेगळं आणि समोरच्या माणसाची दुखरी नस दाबणं वेगळं. कोळी, बुडणं, लहान मुलांना इजा, कैद, या गोष्टी कुणाला खरोखर सहन होत नसतील. सेशन झिरोलाच, म्हणजे मोहिमेआधीच्या तयारीच्या बैठकीलाच, विचारून घ्या: काय अजिबात नको, आणि काय पडद्याआड चालेल. जॉन स्टाव्हरोपोलोसने 2013 मध्ये मांडलेलं एक्स-कार्ड टेबलावर ठेवलंत, तर कारण न सांगता दृश्य थांबवायची सोय होते. काहींना वाटतं याने खेळाची धार जाते. मी ते ठेवायला लागल्यापासून जास्त भीतिदायक दृश्यं घेऊ शकते, कारण कुठे थांबायचं ते मला कळतं.

एकाच खेळाडूची सारखी फिरकी होतेय का, तेही मोजा. जो छान ओरडतो, त्याच्यावर हात वळतो. तो हसत असतो, पण इतरांच्या मागून, अर्धा सेकंद उशिरा. हात फाशांशी खेळणं सोडून फोनकडे जातो. तेव्हा पुढचा हल्ला दुसरीकडे वळवा आणि सेशननंतर एकट्याला गाठून विचारा.

बिघडलंच असेल तर

पात्र अन्यायाने मेलं, हे लक्षात आलं तर खेळ थांबवा आणि तोंडाने कबूल करा: "मी खूण द्यायला विसरले. आपण दारापासून पुन्हा सुरू करू." पडद्यामागे आकडे गुपचूप बदलून डागडुजी करू नका, खेळाडूंना ते कळतं, आणि मग त्यांचा खऱ्या संकटावरही विश्वास बसत नाही. काठीने फरशा ठोकणाऱ्या पार्टीला तीन-चार सेशन प्रामाणिक खुणा मिळू द्या. ज्या खोलीत खूण नाही तिथे काहीही नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा अनुभवू द्या. काठी हळूहळू कोपऱ्यात जाते.

मग एके दिवशी ते एका साध्या, रिकाम्या खोलीत शिरतात. मध्ये एक खुर्ची, तिची पाठ दाराकडे. तुम्ही एवढंच वर्णन करता आणि थांबता. एक म्हणतो, कुणीतरी नुकतंच उठून गेलंय. दुसरा म्हणतो, नाही, कुणीतरी यायचंय, आपली वाट बघत ठेवलीय ती. तिसऱ्याला गेल्या महिन्यातला तो आंधळा सावकार आठवतो आणि त्याचा आवाजच खाली येतो. तुमच्या वहीत खुर्चीपुढे काहीही लिहिलेलं नसतं. पेन उचला, मान खाली घाला आणि ते जे जे बोलतायत ते उतरवून घ्या.