यानातून सोडलेल्या इलेक्ट्रॉन झोताचा प्रकाश दिसत नाही? या चुका टाळा

अवकाशात इलेक्ट्रॉनचा झोत सोडून वरच्या वातावरणात कृत्रिम ध्रुवीय प्रकाश उमटवण्याचे प्रयोग 1969 पासून होत आले आहेत. तरीही नव्या अभ्यासकांच्या गणितात काही चुका हमखास सापडतात, आणि त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक वातावरणाविषयी नसून यानाविषयीच असते.

ती म्हणजे, झोत ज्या ऊर्जेने सोडला त्याच ऊर्जेने तो खाली पोचला असे धरून चालणे. इलेक्ट्रॉन बाहेर पडले की यान धनभारित होते आणि ही तूट भरून काढायला आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या थरातून) तेवढेच इलेक्ट्रॉन यानावर परत यावे लागतात. दर घनसेंटिमीटरला एक लाख इलेक्ट्रॉन आणि 1000 केल्व्हिन तापमान धरले, तर यानाच्या उघड्या धातूच्या एका चौरस मीटरवर जेमतेम 0.8 मिलिअँपिअर प्रवाह जमा होतो. 1 अँपिअरच्या झोतासाठी हे अगदीच अपुरे आहे. धनभारित यान अधिक इलेक्ट्रॉन ओढून घेते हे खरे, पण यानाचे हेच वाढलेले विभव (विद्युतदाब) झोताची ऊर्जा कमी करते, आणि ते पुरेसे वाढले तर झोत यानाकडेच परत वळतो. म्हणूनच 1969 मध्ये अमेरिकेतील वॉलॉप्स बेटावरून सोडलेल्या अग्निबाणावर सुमारे 26 मीटर व्यासाचा धातूलेपित पडदा उलगडण्याची तजवीज होती. स्पेस शटलचे बाह्यांग तर बहुतांशी विद्युतरोधक फरश्यांचे होते. शटलमधूनच गेलेल्या 1983 च्या स्पेसलॅब-1 या प्रयोगशाळेच्या मोहिमेत झोताचा प्रवाह वाढवताच यानाचे विभव चढत असे आणि आर्गॉनचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) सोडल्यावर ते काही काळ उतरत असे. प्रकाश अपेक्षेपेक्षा मंद आला, तर वातावरणाच्या प्रारूपात फेरफार करण्याआधी यानाच्या विभवाच्या नोंदी तपासाव्यात.

दुसरी चूक कॅमेरा यानाच्या थेट खाली रोखण्याची. 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेभोवती साधारण सात ते दहा मीटर त्रिज्येने फिरतो, त्यामुळे झोत बलरेषा सोडत नाही. अलिबागच्या परिसरात बलरेषा क्षितिजाशी साधारण 26 अंशांनी कललेली असते. म्हणून 300 किलोमीटर उंचीवरून सोडलेला झोत 110 किलोमीटरपर्यंत उतरेतो उत्तरेला सुमारे 400 किलोमीटर सरकलेला असेल. केरळमधील थुंबा या अग्निबाण प्रक्षेपण केंद्राजवळ तर बलरेषा जवळजवळ आडवीच असल्याने तेथे झोत खाली उतरण्याची अपेक्षाच धरू नये.

प्रकाशाची तरंगलांबीही विचारपूर्वक निवडावी लागते. ऑक्सिजनची 557.7 नॅनोमीटरची हिरवी रेषा उजळ असली, तरी उत्तेजित अणू ती सोडायला सरासरी पाऊण सेकंद घेतो, आणि तेवढ्या वेळात यानासोबत झोताचा ठिपका पाच किलोमीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. आखूड स्पंदांसाठी नायट्रोजन आयनाची 427.8 नॅनोमीटरची निळी-जांभळी पट्टी घ्यावी. ती जवळपास तत्क्षणी उमटते.

ऊर्जा वाढवली की प्रकाश त्याच उंचीवर अधिक उजळेल, असेही नाही. 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आपली बहुतेक ऊर्जा 110 किलोमीटरच्या आसपास खर्च करतात, तर 1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे 60 किलोमीटरपर्यंत खोल जातात. म्हणून ऊर्जा बदलली की कॅमेऱ्याचा रोखही नव्याने ठरवावा.