गाढवाला जंताचं औषध द्यायचंय? आधी लीद तपासा

पेण-पनवेलकडच्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात, तोवर गाढवं पावसाळाभर मोकळी चरतात आणि कोकणातलं ओलं गवत म्हणजे जंतांची चंगळच. लीदीतल्या अंड्यांना ऊब नि ओल मिळाली की साधारण आठवड्यात अळ्या तयार, त्या पात्यावर चढतात आणि चरताना थेट पोटात. चरणाऱ्या बहुतेक गाढवांत थोडे जंत असतातच, बघायचं ते किती आहेत.

पहिलं, जनावर नीट बघा. गाढव दुखणं लपवतं, त्यामुळे बरगड्या, राठ झालेले केस नि शेपूट बघायचं. आमची एक गाढवी चिऱ्याच्या गडग्याला ढुंगण घासत बसायची, आम्ही म्हटलं खरूज असेल, शेपूट उचललं तर खाली पिवळट खपली, ती पिनवर्म नावाच्या जंताची अंडी निघाली!

मग ताज्या लीदीचे दोन-तीन गोळे पिशवीत घाला, हवा काढून गाठ मारा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या. एका ग्रॅममध्ये किती अंडी ते मोजून मागा, नुसतं 'जंत आहेत' एवढ्यावर परत येऊ नका.

आता डोस. छातीचा घेर टेपने मोजून डॉक्टरांकडून वजन काढून घ्या, अंदाजपंचे नको. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध तोंडावाटे किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १२० किलोच्या गाढवाला २४ मिलिग्रॅम. कमी दिलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. फेनबेंडाझोल या दुसऱ्या औषधाला आतड्यातले छोटे स्ट्राँगाइल जंत बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत आणि चपट्या, फितीसारख्या जंतांवर (टेपवर्म) आयव्हरमेक्टिन चालत नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागतं. गाईचं इंजेक्शन उरलंय म्हणून गाढवाला टोचायचं नाही हां, पेस्टच द्या. शिंगराच्या पोटात गोल जंत खच्चून भरले असतील तर सगळे एकदम मेल्यावर आतडं तुंबू शकतं, तिथे डॉक्टरशिवाय हात लावू नका.

आणि औषधाआधी उपाशी ठेवायची काही जणांची पद्धत असते, ती गाढवाला अजिबात नको, खाणं तुटलं की रक्तात चरबी चढते नि जनावर हातचं जातं.

१४ दिवसांनी परत लीद तपासा, आयव्हरमेक्टिन दिल्यावर अंडी ९५ टक्के तरी कमी झाली नसतील तर औषध बदलायला सांगा. चरायच्या जागेवरची लीद आठवड्यातून दोनदा उचला. कलमांना घालायची असेल तर नीट कुजवून, ताजी गवतावर पसरली की अळ्या परत पात्यावर.