टाकीत टीसीएल टाकताय? ओटी टेस्टशिवाय थांबू नका

नळाला गढूळ पाणी आलं आणि दोन घरांत जुलाब सुरू झाले की सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला सल्ला येतो: 'टाकीत चमचाभर पावडर टाका.' ही पावडर म्हणजे टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. चमचा केवढा, पावडर कधीची, हे कोणी विचारत नाही.

टाकी उपसा, घासा, स्वच्छ पाणी भरा. गढूळ पाण्यात टीसीएल वाया जातं, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

हजार लिटरला 5 ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, निवळू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता. चुन्याचा गाळ नको. तासभर कोणी नळ सोडायचा नाही.

खरी मेख पुढे आहे. हे 5 ग्रॅम ताज्या पावडरीचे. तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली की तो उडतो आणि मागे चुना उरतो. एका पावसाळ्यात मी गेल्या वर्षीची पावडर काट्यावर तोलून टाकली आणि निर्धास्त झोपलो. चौथ्या दिवशी पुन्हा जुलाब. तेव्हापासून माझा काट्यावर भरवसा नाही, ओटी टेस्टवर आहे: ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंगावरून पाण्यात किती क्लोरीन उरलाय ते बघायची तपासणी.

तीही लोक चुकीची करतात. नमुना टाकीतला नको, सगळ्यात लांबच्या घरातल्या नळाचा घ्या. ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग दहा सेकंदांत रंगांच्या पट्टीशी लावून बघा. चहा पिऊन येऊन बघाल तर रंग गडद झालेला असेल, पण त्यात अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही धरला जातो आणि जंतू मारायला तो फारच दुबळा. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. साथ असेल तर मी 0.5 खाली समाधान मानत नाही. रंगच आला नाही तर आणखी निवळी, अर्धा तास थांबा, पुन्हा टेस्ट. तपासलेलं पाणी मोरीत ओता, ओटी विषारी असतं.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार; तो पोटाच्या संसर्गानंतरही होऊ शकतो) साथ आली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हा जंतू पुरेशा क्लोरीनपुढे टिकत नाही.

सगळेच जंतू क्लोरीनने असे मरत नाहीत, हेही सांगतो. 1993 साली अमेरिकेत मिलवॉकीला पाण्यात क्लोरीन होता, पण गाळणी नीट चालली नाही आणि सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. तिथला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. म्हणून साथ ओसरेपर्यंत प्यायचं पाणी उकळाच: खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून गार करा.